‘डेफिनिटली’चे स्पेलिंग



व्याख्यानमालेचे चालक मला निमंत्रण द्यायला आले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन, निदान नव्या कामगार संहितांवर तरी बोलेन, अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना सांगितले की मला एका इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगवर बोलायचे आहे. मंडळी जरा वेळ गप्प राहिली. मग एकाने विचारले, “एकाच शब्दावर?” मी म्हटले, “एकाच. दहा अक्षरी शब्द आहे, तास पुरायचा नाही.” न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी खाली बसून ऐकावे असा रिवाज आहे. आज तो उलटा झाला आहे, तर आपण सांभाळून घ्यावे.

माझी शाळा नववीत सुटली. दोन वर्षे घरच्या भाताच्या खाचरांत काढली आणि अठराव्या वर्षी एका फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागलो. इंग्रजी मी शिकलो ते हौसेने नव्हे. नोटीस इंग्रजीत, आरोपपत्र इंग्रजीत, पगाराचा करार इंग्रजीत, आणि सही मात्र आमची मराठीत. आपण कशावर सही करतो ते कळले पाहिजे एवढ्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक इंग्रजी-मराठी कोश आणला. त्याची पहिली पंचवीस-तीस पाने फाटलेली होती. त्यामुळे ‘ए’ या अक्षराने सुरू होणारे पुष्कळ शब्द मला फार उशिरा भेटले. बाकीचे शब्द मी रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, रोज पाच याप्रमाणे पाठ केले. ‘डेफिनिटली’ हा त्यांतलाच.

शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि मारुंजीच्या शिवारात इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून तर तो घरोघरी ऐकू येतो. “येतोस का?” “डेफिनिटली.” “पैसे देतोस ना?” “डेफिनिटली.” पूर्वी इथे माणसे ‘नक्की’ म्हणत, ‘जरूर’ म्हणत, फार झाले तर गळ्याला हात लावून शपथ घेत. व्याकरणाच्या भाषेत हे क्रियाविशेषण अव्यय आहे. म्हणजे क्रियापदाच्या शेजारी उभे राहून ते काम कसे होणार ते सांगणारा शब्द. आणि इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त चुकणाऱ्या शब्दांत त्याची गणना होते. आपल्याच नव्हे, ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्याही हातून.

चूक कुठे होते ते पाहा. बरोबर स्पेलिंग असे: डी-ई-एफ-आय-एन-आय-टी-ई-एल-वाय. यात ‘ए’ हे अक्षर कुठेच नाही. लिहिणारा मात्र मधल्या दुसऱ्या ‘आय’च्या जागी हमखास ‘ए’ घालतो. याचे कारण मला पुष्कळ दिवसांनी उमगले. आपण बोलताना ‘डेफिनेटली’ म्हणतो. ‘ने’ म्हणतो. आणि ज्या इंग्रजी शब्दांच्या शेवटी आपण असा ‘एट’ उच्चारतो, ते सर्टिफिकेट, प्रायव्हेट, कॉर्पोरेट, सेपरेट, खरोखरच ए-टी-ईने लिहायचे असतात. मग हात त्याच वळणाने जातो. मराठी माणूस जसे बोलतो तसे लिहितो, ही त्याची जन्माची सवय आहे आणि ती काही वाईट सवय नाही. इंग्रज माणूस तर त्या जागेचा स्वर जवळजवळ गिळूनच टाकतो, त्यामुळे त्याचा कानही त्याला मदत करीत नाही.

कानाने न कळणारे शुद्धलेखन आपल्याकडे नाही असे मात्र कुणी समजू नये. याच अर्थाचा आपला शब्द ‘निश्चित’ घ्या. तो सरकारी पत्रांतूनसुद्धा ‘श्ची’ दीर्घ करून लिहिलेला मी पाहिला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यांत सांगितले आहे की शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहावा. जमीन, वकील, जरूर. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमातून सुटले, म्हणून ‘निश्चित’चा ‘श्चि’ ऱ्हस्व. आणि शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर आधीचे ऱ्हस्व करावे, म्हणून ‘जरूर’ दीर्घ तर ‘जरुरी’ ऱ्हस्व. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात मी हा नियम दुसऱ्या जोडीने शिकवतो: मजूर दीर्घ, मजुरी ऱ्हस्व. तो एकदा सांगितला की कुणी विसरत नाही.

असो. स्पेलिंग चुकले तर चुकले, त्यासाठी व्याख्यान कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल. मलाही तसेच वाटत असे. पुढची हकीगत घडल्यावर वाटेनासे झाले.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, प्रेस शॉपवर एक तरुण ऑपरेटर होता. वडील गावी आजारी पडले म्हणून तो चार दिवस रजा न टाकता गेला. चुकले त्याचे. पण शनिवारी त्याने गावाहून मोबाईलवर साहेबांना इंग्रजीतून दोन ओळी धाडल्या. त्याला लिहायचे होते, ‘मी सोमवारी नक्की कामावर हजर होतो.’ बिचाऱ्याने आपल्या नेहमीच्या पद्धतीने मध्ये ‘ए’ घालून शब्द टाईप केला. आता या मोबाईल यंत्रांत लिहिणाऱ्याची चूक आपोआप सुधारण्याची सोय असते. यंत्राने पाहिले की असा काही शब्द नाही. जवळचा दुसरा शब्द त्याच्या पोटात होता, तो त्याने तिथे ठेवून दिला: डी-ई-एफ-आय-ए-एन-टी-एल-वाय. ‘डिफायंटली’. पोराने न वाचता पाठवले. अर्थ झाला, ‘मी सोमवारी तुम्हाला न जुमानता कामावर हजर होतो.’

सोमवारी तो हजर झाला, आणि गुरुवारी त्याच्या हातात आरोपपत्र पडले. त्यात दोन आरोप. एक विनापरवाना गैरहजेरीचा, तो खरा होता. दुसरा उद्धटपणाचा आणि हुकूम न मानण्याचा. आपल्यापैकी जे कारखान्यात राहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालचे जे नमुना आदेश होते, त्यांतल्या गैरवर्तनाच्या यादीत वरिष्ठांची वाजवी आज्ञा जाणूनबुजून मोडणे हे कलम अगदी पहिले होते. गैरहजेरीला ताकीद मिळून भागते. पहिल्या कलमात माणूस सापडला तर नोकरी जाऊ शकते.

पोरगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला या दोन शब्दांतला फरकसुद्धा माहीत नव्हता. “दादा, मी ‘नक्की येतो’ एवढंच लिहिलं हो,” एवढेच तो पुन:पुन्हा म्हणे. त्याच्या घरी बायको, लहान मूल आणि अंथरुणाला खिळलेले वडील. मी कोश काढून त्याला दोन्ही शब्द दाखवले, तेव्हा तो कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहत राहिला.

चौकशीत मी त्याचा बचाव प्रतिनिधी होतो. मी दोन गोष्टी केल्या. कंपनीच्याच फायलीत त्याचे आधीचे रजेचे अर्ज होते, ते मागवून घेतले. हाताने लिहिलेले तीन अर्ज निघाले आणि तिन्हींत शेवटी तोच शब्द, तिन्हींत मध्ये तोच ‘ए’. म्हणजे हा गडी हा शब्द नेहमी चुकतो आणि नेहमी एकाच जागी चुकतो, हे कागदावर सिद्ध झाले. मग मी चौकशी अधिकाऱ्यांना विनंती केली की आपल्या मोबाईलवर हेच चुकीचे स्पेलिंग टाईप करून पाहावे. त्यांनी केले. त्यांच्याही यंत्राने तोच प्रताप केला. ते गृहस्थ प्रामाणिक होते. हसले, आणि ही गोष्ट त्यांनी कामकाजात नोंदवून घेतली. दुसरा आरोप सुटला. गैरहजेरीबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती आम्ही मुकाट्याने घेतली.

चुकीनेच गड्याला अडकवले आणि चुकीनेच सोडवले. पण ते अर्ज चाळताना त्याच फायलीत मला आणखी एक कागद दिसला. चार वर्षांपूर्वी याच मुलाने कायम करण्याविषयी अर्ज दिला होता, त्याला कंपनीने दिलेले उत्तर. ‘आपल्या विनंतीचा नक्की विचार केला जाईल.’ इंग्रजीत होते, टाईप केलेले होते, आणि ‘डेफिनिटली’चे स्पेलिंग अक्षर न् अक्षर बरोबर होते. विचार काही झालेला नव्हता. पोरगा मात्र चुकीचे स्पेलिंग लिहून सोमवारी सकाळी सातच्या पाळीला हजर होता.

तेव्हापासून मी या शब्दाच्या पोटात काय आहे ते शोधू लागलो. शब्द मूळचा लॅटिनमधला. ‘फिनिस’ म्हणजे हद्द, शेवट. त्याच्यावरून ‘फाइनाइट’, म्हणजे ज्याला हद्द आहे ते. ‘इन्फिनिट’, म्हणजे ज्याला हद्द नाही ते, अनंत. आणि ‘डेफिनिट’ म्हणजे ज्याच्या चारी बाजूंनी हद्द आखून दिली आहे ते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ज्याची शीव ठरली आहे, बांध घातला आहे, दगड पुरला आहे. स्पेलिंग लक्षात ठेवण्याची युक्तीही इथेच आहे. शब्दाच्या मध्यभागी ‘फाइनाइट’ हा अख्खा शब्द बसला आहे: एफ-आय-एन-आय-टी-ई. तो दिसला की ‘ए’ला जागाच उरत नाही. आमच्या अभ्यासवर्गात मी फळ्यावर या सहा अक्षरांभोवती चौकट काढतो आणि सांगतो, हा बांध आहे, याच्या आत ‘ए’ने पाऊल टाकायचे नाही.

त्या दुसऱ्या शब्दाचे, ‘डिफायंटली’चे, कूळ वेगळे. तो ‘फिदेस’ या लॅटिन शब्दापासून आला. ‘फिदेस’ म्हणजे विश्वास, निष्ठा. ती निष्ठा तोडून समोर उभे राहणे म्हणजे ‘डिफाय’ करणे. मौज अशी की पत्राच्या शेवटी आपण ‘युवर्स फेथफुली’ लिहितो, त्यातला ‘फेथ’ही त्याच ‘फिदेस’चा वंशज. म्हणजे त्या पोराच्या निरोपात वर ‘निष्ठा तोडून’ आणि खाली ‘आपला निष्ठावंत’. साहेबांनी खालची ओळ वाचली असती तरी प्रकरण मिटले असते!

‘डिफायंटली’ म्हणजे काय हे मुळशी तालुक्याला कोशात पाहावे लागत नाही. १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. धरणाच्या कामावर जाऊन माणसे बसली, काम थांबवले, तुरुंगात गेली. पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यात. धरण व्हायचे ते झाले. पण ‘न जुमानता’ या क्रियाविशेषणाला साजेल असे क्रियापद त्या माणसांनी केले. असा शब्द स्वत: निवडून, त्याची किंमत ठाऊक असून लिहायचा असतो. यंत्राने आपल्या नावावर खपवू नये.

आता स्पेलिंग सोडून शब्द वापरायचा कसा, इकडे वळतो. इथली चूक माझी स्वत:ची आहे आणि ती स्पेलिंगपेक्षा महाग पडली.

मी नवा नवा सेक्रेटरी झालो होतो. पगारवाढीच्या मागणीवर कंपनीचे पत्र आले. त्यात असे वाक्य होते की व्यवस्थापनाने मागणी ‘हॅज नॉट डेफिनिटली रिजेक्टेड’. दुपारी गेट मीटिंग. मी पत्र हातात धरून मोठ्या आवाजात भाषांतर केले: “व्यवस्थापनाने आपली मागणी नक्की नाकारलेली नाही!” टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी पेढे आणले. पेढा मीही खाल्ला. नऊ दिवसांनी दुसरे पत्र आले, मागणी साफ नामंजूर. लोक मला विचारू लागले, “तुम्हीच तर म्हणाला होता, नक्की नाकारली नाही म्हणून?”

चूक कशी झाली ते नीट पाहण्याजोगे आहे. इंग्रजीत ‘नॉट’ आधी आणि ‘डेफिनिटली’ नंतर आले की नकार त्या ‘नक्की’लाच लागतो. म्हणजे ‘अजून ठाम नकार दिलेला नाही’, एवढेच. दार किलकिले आहे, उघडलेले नाही. तेच ‘डेफिनिटली’ आधी आणि ‘नॉट’ नंतर असते, तर ‘नाकारलेली नाही हे नक्की’ असा अर्थ झाला असता. दोन शब्दांची अदलाबदल, आणि इकडे पेढे तर तिकडे नामंजुरी. पत्र लिहिणाराने मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्याचे वाक्य चोख होते.

माझ्या भाषांतराने मात्र घात केला, आणि तो मराठीच्या एका लकबीमुळे. मराठीत ‘नक्की नाकारली नाही’ या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. ‘निर्णय नक्की झाला नाही’ घ्या. झालाच नाही असे ठामपणे सांगतो आहोत, की झालाय पण पक्का नाही असे? नुसत्या कागदावरून कळणार नाही. बोलताना आपण ‘नक्की’वर जोर देऊन किंवा न देऊन ते दाखवतो. गेटवर उभा राहून मी जोर दिला, आणि जिथे दिला तिथे तो द्यायचा नव्हता. तेव्हापासून माझा शिरस्ता असा आहे की बैठकीची टिपणे लिहिताना ‘नक्की’ आणि ‘नाही’ एका वाक्यात आले तर वाक्य मोडायचे आणि दोन करायची. ‘बोलणी झाली. निर्णय झालेला नाही.’

‘डेफिनिट’ आणि ‘डेफिनिटिव्ह’ यांचाही घोळ होतो. पहिले म्हणजे स्पष्ट, ठरीव. दुसरे म्हणजे अखेरचे, ज्यावर पुन्हा चर्चा नाही. कराराच्या मसुद्यात दुसरे दिसले तर पेन खाली ठेवा आणि विचारा, एवढे सांगून पुढे जातो.

कारण मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते नारायण मेघाजी लोखंडे. मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले कन्हेरसर. मुंबईच्या गिरणी कामगारांना त्यांनी उभे केले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांची सभा झाली आणि ५,५०० जणांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाले. आपल्या देशातल्या कामगारांनी एकत्र येऊन केलेल्या अगदी पहिल्या मागण्यांपैकी या. त्या ऐकण्यासारख्या आहेत. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची तजवीज.

यात वार आहे, घड्याळातली वेळ आहे, तारीख आहे. सूर्यास्तसुद्धा आहे, ज्याला घड्याळ लागत नाही. दगड पुरून शीव आखावी तशा या मागण्या आहेत. ‘योग्य वेळी’, ‘लवकरात लवकर’, ‘सहानुभूतीने’ असली मोकाट सुटलेली क्रियाविशेषणे त्यांत नाहीत. सहा वर्षे गेली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण सगळे इथे निवांत बसलो आहोत तो वारही रविवार आहे. पगाराच्या तारखेला त्याहून वेळ लागला. १९३६ चा वेतनाचा कायदा आला, त्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सातव्या दिवसाच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यावा असे ठरवले. लोखंड्यांनी पंधरावा मागितला होता, ५२ वर्षांनी सातवा-दहावा मिळाला. २०१९ च्या वेतन संहितेतही मासिक पगाराला पुढच्या महिन्याचा सातवा दिवस हीच हद्द आहे. पगार ‘नक्की’ द्यावा असे कायद्याला म्हणावे लागले नाही. दिवस घातला, तेवढ्याने काम झाले.

एक खुलासा केला पाहिजे. हा शब्दच वाईट, तो टाकून द्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आजारी माणसाला “तू नक्की बरा होशील” असे म्हणताना तारीख कोण घालतो? आईला “दिवाळीला नक्की येतो” असे फोनवर सांगणाऱ्या मुलाकडून कुणी लेखी मागत नाही. तिथे तो शब्द मायेचा आहे आणि मायेला शीव नसते. पण पैसे, नोकरी, जमीन यांच्या कागदावर हा शब्द आला की मी त्याच्या पुढची जागा पाहतो. तिथे तारीख असेल तर शब्दाची गरज नसते. तारीख नसेल तर शब्दाचा उपयोग नसतो. हिंजवडीतल्या कंपन्यांत काम करणारी मुले-मुली हल्ली माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांचे इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट चांगले. पण नोकरीतून कमी केल्यावर ‘तुमचा हिशेब नक्की पूर्ण करू’ असे आश्वासन घेऊन तीही येतात, आणि मी विचारतो, “कधी?” तर एकमेकांकडे पाहतात. त्यांना मी दोन ओळींचे उत्तर लिहून द्यायला सांगतो. ‘आपल्या आश्वासनाबद्दल आभारी आहे. कृपया तारीख कळवावी.’ पुष्कळदा पैसे येतात. नेहमीच येतात असे नाही.

तो प्रेस शॉपवरचा मुलगा पुढे ती नोकरी सोडून गेला. आता स्वत:चा टेम्पो चालवतो. मधे भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, स्पेलिंग पाठ झालं.” आणि रस्त्यात उभ्या उभ्या दहाची दहा अक्षरे म्हणून दाखवली. मध्ये ‘आय’ म्हणताना जरा थांबला, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि बरोबर म्हणाला.

आमच्या युनियनने रजेच्या अर्जाचा नमुना बदलला आहे. पूर्वी त्याच्या शेवटी इंग्रजीत ‘मी नक्की हजर होईन’ असे छापलेले होते, आणि तेही, सांगायला लाज वाटते, ‘ए’ घालून. आता तिथे एक रिकामी रेघ आहे आणि रेघेखाली छापले आहे: वार, तारीख, पाळी. त्या नमुन्याच्या काही प्रती मी बरोबर आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत, ज्यांना हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात.